एका टपाली मताचा हिवाळा

गेल्या आठवड्यापासून गावात पुन्हा ती रिक्षा फिरते आहे. टपावर दोन कर्णे, मागच्या पडद्यावर हात जोडलेला उमेदवार. आळीच्या वळणावर आली की तिचा आवाज एकदम घरात शिरतो. बाकीच्यांना त्याचा वैताग येतो, कुणाला गंमत वाटते. मला मात्र तो आवाज आला की तव्यावरची भाकरी उलटायचं भान राहत नाही. तळव्यांना घाम सुटतो. बाहेर शेतात कडवे वाल फुललेले असतात, खाडीवरून आलेलं धुकं बांधावर बसलेलं असतं, पेंढ्याचा कोरडा गोडसर वास असतो. म्हणजे भिण्यासारखं काहीच नसतं. तरी शरीराला आठवतं. कुणाचे गुडघे थंडीत दुखतात, कुणाला आंब्याच्या मोहोरात शिंका येतात, तशी मला निवडणुकीच्या हवेत भीती वाटते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सासर खारबावच्या आत, खाडीच्या अंगाला. आमचा प्रभाग म्हणजे दोन आळ्या. वरच्या आळीत आम्ही शेतकरी. शेतं गोदामांखाली जाऊ लागल्यापासून निम्मे शेतकरी आणि निम्मे ड्युटीवाले. खालच्या आळीत कोकणी मुसलमानांची घरं, आमच्याइतकीच जुनी. त्यांच्यातल्या काहींचे नारपोलीला कापडाचे लूम आहेत, काही तिथेच शिफ्टला जातात. दोन्ही आळ्यांच्या मधून एक ओहोळ खाडीला जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ओहोटीच्या वेळी बायका त्याच्या चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे धरायच्या, आणि कुठल्या आळीची बाई कुठल्या काठाला वाकली आहे हे कुणी पाहायचं नाही.

त्या ओहोळावर भराव पडला. गोदामाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता. लाल मुरुमाचे डंपर येत राहिले, आणि पुढच्या पावसाळ्यात पाण्याला जायला वाट उरली नाही. खालच्या आळीत चुली बुडाल्या. आमच्या खाचरात भात उभ्या उभ्या सडलं. त्या वासाने जेवण जाईना. भराव टाकायचं काम घेतलं होतं हरेश भावोजींनी. ते माझे चुलत दीर.

भावोजी वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सगळंच सोपं होऊन जाईल. माझा नवरा सुनील आणि ते एका अंगणात वाढले. आमची घरं शेजारी, अंगण एक, नळ एक. माझे सासरे आजारी पडले तेव्हा मागचापुढचा विचार न करता त्यांना गाडीत घालून ठाण्याला नेलं ते भावोजींनी. सुनीलला मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर म्हणून चिकटवलं तेही त्यांनीच. भाताचं विचारलं तेव्हा मात्र ते हसून म्हणाले होते की वहिनी, थोडं सोसावं लागतं, उद्या हीच जमीन सोन्याची होईल.

त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला भावोजी उभे राहिले. त्यांच्यासमोर खालच्या आळीतून उभी राहिली नजमा. नजमाला मी सासरी आल्यापासून ओळखत होते. खारबावहून भिवंडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात आम्ही कितीतरी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो असू. ती नवऱ्याचा डबा घेऊन नारपोलीला निघालेली, मी माझ्या शाळेला. ओहोळ बुजल्यावर तिने अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. चिखलाने भरलेल्या चपला हातात धरून रिक्षात बसलेली नजमा मला अजून दिसते. सगळे रिक्षात ओहोळाबद्दल बोलायचे. बोलून झाल्यावर उतरून कचेरीत जाणारी ती एकटी होती.

माझी ड्युटी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर लागली. ड्युटीवर असलेल्याला आपल्या गावी जाऊन मत देता येत नाही, म्हणून मी टपाली मतपत्रिका मागितली. कागदावर खूण करायची, तो आतल्या पाकिटात बंद करायचा, सोबतच्या घोषणापत्रावर सही करायची, ती सही आपल्यासमोर झाली असं एका अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं, आणि मग सगळं मोठ्या पाकिटात. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या बाकावर मी पाठमोरी बसले. समोर भिंतीवर ओलीने पापुद्रे सुटलेले. मी नजमाच्या नावासमोर खूण केली.

ते धाडस वगैरे नव्हतं. घरात मी भावोजींच्या विरोधात एक शब्द काढला नव्हता, प्रचाराच्या दिवसांत आलेल्या माणसांना चहाच करून दिला होता. पण सडलेल्या भाताचा वास नाकातून गेला नव्हता. आणि मत गुप्त असतं. इतक्या मतांच्या ढिगात माझं एक, पाण्यात पाणी मिसळावं तसं मिसळून जाणार होतं. अधिकाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मागे रांग होती. शिक्का कोरडा पडला की मारायचाच राहिला, ते मला आजही सांगता येणार नाही. पाकीट पेटीत टाकून बाहेर आले आणि वडापाव खाल्ला. त्या हिवाळ्यातला निर्धास्त मनाने खाल्लेला तो शेवटचा घास.

आमच्या प्रभागातून टपाली मत मागणारी मी एकटीच होते. हे मला माहीत नव्हतं.

मतमोजणीला सुनील गेला होता. जे घडलं ते त्याच्याकडूनच कळलं. यंत्रातले आकडे वाचले तेव्हा भावोजी आणि नजमा दोघांना सारखीच मतं. कुणाचा विश्वास बसेना. फेरमोजणी मागितली गेली, यंत्राने पुन्हा तेच आकडे दाखवले. मग कुणालातरी टपाली मताची आठवण झाली. पण ते मत आधीच बाजूला काढून ठेवलेलं होतं. घोषणापत्रावर अधिकाऱ्याची सही होती, शिक्का नव्हता. मत अग्राह्य, आतलं पाकीट बंदच ठेवायचं. शेवटी दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, हलवल्या, एक उचलली. भावोजी निवडून आले.

सुनील हे सगळं आनंदाने सांगत होता आणि मी उभ्या उभ्या गार पडत चालले होते. अंगणात गुलाल उडाला होता, दाराच्या उंबऱ्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. भावोजी पेढे घेऊन आले. खाली वाकले आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाले, "वहिनी, तुमचं मत धरलं असतं ना, तर चिठ्ठीची पाळीच आली नसती."

पेढा तोंडात फिरत राहिला. मी हसले असेन. हसलेच असणार, कारण कुणाला काही जाणवलं नाही.

नजमा कोर्टात गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं की सही असताना केवळ शिक्का नाही म्हणून मत बाद करता येत नाही, ते पाकीट उघडा आणि त्यात जे असेल ते मोजा. गावात बातमी पोचली तशी माझी झोप गेली. बरोबरी झाली होती. एक मत बंद होतं. ते कुणाचं, हे आता पोराटोरांना माहीत होतं. पाकीट उघडलं की फक्त निकाल लागणार नव्हता, मी उघडी पडणार होते. सगळ्या गावाचं मत गुप्त, एकटीचं माझं चावडीवर.

भीतीची मला तोवर फारशी ओळख नव्हती. सापाची भीती, आजारपणाची भीती, ती येते आणि जाते. ही भीती घरात राहायला आली. ती पहाटे माझ्याबरोबर उठायची, नळावर माझ्या हंड्यापुढे उभी राहायची. नळ आमच्यात आणि भावोजींच्यात एक. जाऊबाई आधी मला पाणी भरू द्यायच्या. "तुमाला शालंला जायचंय, तुमी भरा," म्हणायच्या. हे त्या नेहमीच म्हणत आल्या होत्या, पण त्या दिवसांत तो मायेचा शब्द आला की मी हंडा पुरता न भरताच उचलायचे. वालाची उसळ केली की वाटीभर आमच्याकडे यायची. ती गिळताना वाटायचं, उद्या कळेल तेव्हा ह्या वाटीचं काय होईल? कुणी रागावलं की निदान आपण तयार असतो. प्रेमाने वागणाऱ्या माणसांपासून लपायला जागा नसते.

खालच्या आळीचं उलटं. तिथून जाताना दारात बसलेल्या बायका पूर्वी सहज हाक मारायच्या. आता त्या मला नुसत्या बघत. त्यांच्या बघण्यात आशा होती, आणि तीच मला झेपत नव्हती. एकदा एक म्हातारे चाचा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मी पदर सावरत घाईने पुढे गेले. मनात म्हटलं, उभे राहू नका हो, कुणी पाहील.

शाळेत त्या दिवसांत एक धडा आला. मतदान गुप्त पद्धतीने होते, असं त्यात एक वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि पुढचं वाक्य सापडेना. मुलं वाट बघत होती. मग मी त्यांना चित्र काढायला सांगितलं, मतदान केंद्राचं. बहुतेकांनी रांग काढली आणि रांगेतल्या प्रत्येक माणसाला मोठाले डोळे काढले. मुलं चित्रात डोळे नेहमीच मोठे काढतात. मला त्या दिवशी ते बघवले नाहीत.

सुनीलने मला एकदाही विचारलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, त्याला खात्रीच आहे, म्हणून विचारत नाही. नंतर वाटायला लागलं की त्याला संशय आहे, म्हणून विचारत नाही. जेवताना तो ताटाकडे बघायचा. कधी मध्येच मानकोलीच्या गोदामातल्या गोष्टी सांगायचा, कुणाला काढलं, कुणाला लांबच्या गोदामात टाकलं. तो सहज सांगत असेल. मला प्रत्येक गोष्टीत आमचंच भविष्य ऐकू यायचं.

पुढे पुढे मला माझ्या चेहऱ्याचीच भीती वाटू लागली. भावोजी अंगणात बसले असले की मी ओटीवरून जाताना चेहरा कसा ठेवायचा हे आधी ठरवायचे. फार हसू नये, फार गंभीरही दिसू नये. कोर्टातले डावपेच मला समजत नव्हते, पण एवढं दिसत होतं की भावोजींचा वकील पाकीट उघडायला जोरात विरोध करतो आहे. एका संध्याकाळी अंगणात त्यावरून बोलणं निघालं. आळीतले एक काका म्हणाले की विरोध कशाला, आपल्या घरचंच मत आहे, उघडा म्हणावं, चिठ्ठीचा डाग तरी जाईल. भावोजी पण तसंच म्हणत होते. पण वकिलाने त्यांना सांगितलं होतं, ज्याच्या आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ते कोर्टात उघडू देऊ नये. हे वाक्य भावोजींनी हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. निमिषभरच. मी शेवग्याच्या शेंगा मोडत होते. हातातली शेंग मोडली आणि तिचा आवाज मला फार मोठा वाटला.

त्या दिवसानंतर वाटी यायची थांबली नाही, पण ती आणून देणारं माणूस ओटीवर टेकेनासं झालं.

नजमा मला टाळत होती. रिक्षात मी बसलेली दिसली की ती दुसरी रिक्षा बघायची. मला आधी वाईट वाटलं, मग कळलं की ती माझ्यासाठीच तसं करते आहे. एकदा मात्र खारबावच्या स्टॅंडवर आम्ही दोघीच उरलो. धुकं होतं, रिक्षा यायची होती. ती माझ्याकडे न बघता, समोर बघत बोलली.

"बाई, मी तुला काय पन विचारनार न्हाय. माझ्या वकिलाला पन सांगितलंय. पन तुला साक्षीला बोलवावं लागंल. सही तुझी हाय, एवढंच."

मी म्हटलं, "नजमा, मला भीती वाटते गं."

तिने हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "माझ्या घरात पन रोज सांगतात, केस काढून घे, गावात राहायचंय आपल्याला. मला काय भीती न्हाय वाटत? पन ह्या पावसात पानी परत घरात येनार हाय, बाई. ते कुनाला घाबरनार?"

रिक्षा आली. तिने मला चढू दिलं आणि ती मागे थांबली.

साक्षीचं समन्स आलं त्या संध्याकाळी भावोजी आमच्या ओटीवर आले. सुनील होता. चहा झाला. भावोजी फार शांतपणे बोलत होते. वकिलाने सांगितलेलं त्यांनी मला समजावून दिलं. मला खोटं काहीच बोलायचं नव्हतं. अधिकाऱ्याने सही नेमकी माझ्यासमोर केली की नाही, एवढाच मुद्दा होता. त्या दिवशी हॉलमध्ये गर्दी होती. गर्दीत माणसाला सगळंच कुठे लक्षात राहतं?

"वहिनी, आठवत नाही एवढंच म्हणा," ते म्हणाले. "पाकीट बंद राहील. तुमच्या मताचं झाकण तुमच्याकडेच राहील. मला पण आत काय आहे ते बघायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं. त्यात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. ते मला वाट दाखवत होते, आणि स्वतःलाही. ते गेल्यावर सुनील कप उचलून आत घेऊन गेला. हे काम तो कधी करत नसे.

खरं सांगते, मी ठरवलं होतं. आठवत नाही म्हणायचं. कोर्टाच्या दिवसापर्यंत मी ते दोन शब्द मनात इतक्या वेळा म्हटले की ते खरेच वाटायला लागले. हॉल, बाक, पापुद्रे सुटलेली भिंत, सगळं अंधूक करून टाकायचा मी सराव करत होते. झोप लागायला लागली होती.

भिवंडीच्या कोर्टात मी त्याआधी कधी गेले नव्हते. आंब्याला मोहोर येऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. जवळच्या कुठल्यातरी गाळ्यातून लूमचा खटखटाट येत होता, एका लयीत, न थांबता. बाकावर एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला नजमा आणि तिचा नवरा. मध्ये कुणी अनोळखी माणसं आपापल्या तारखांची वाट बघत बसलेली. माझं नाव पुकारलं तेव्हा पायातली चप्पल निसटली. ती घालायला वाकले तर पट्टा सापडेना. सुनीलने कोपर धरून मला उभं केलं.

न्यायाधीश तरुण होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही मत कोणाला दिलं हे इथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही. तो तुमचा अधिकार आहे."

किती बरं वाटलं मला. पाठीवरून कुणी हात फिरवावा तसं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी कळलं की ह्या बरं वाटण्याला काही अर्थ नाही. मला कुणी विचारणार नाही, कारण पाकीट सांगणार आहे. ते समोर टेबलावर होतं. खाकी, साधं, माझ्या हाताने चिकटवलेलं.

घोषणापत्र दाखवलं. सही माझी का? हो, माझी. मग भावोजींचे वकील उठले. फार अदबीने त्यांनी गर्दीची आठवण करून दिली, रांगेची, घाईची. आणि विचारलं की अशा गडबडीत अधिकाऱ्याने सही आपल्यासमोरच केली हे आपल्याला खात्रीने आठवतं का.

मी तोंड उघडलं. दोन शब्द तयार होते. भावोजी माझ्याकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी होती. नजमा खाली बघत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी चिडून तरी ते दोन शब्द बोलले असते. पण तिने पाहिलं नाही.

"आठवतं," मी म्हणाले. "माझ्यासमोर केली."

ते मी का म्हणाले ह्याचा मी पुढे खूप विचार केला. सत्याची चाड वगैरे मोठे शब्द मला लावता येत नाहीत. मला वाटतं, भीती इतकी वाढली होती की तिच्यात आणखी एक खोटं ठेवायला जागाच उरली नव्हती.

निकालाच्या दिवशी मी जायची गरज नव्हती. सुनील म्हणाला, जाऊ. शिक्का नसला तरी सही सिद्ध झाली आहे, मत मोजावं, असा आदेश झाला. पाकीट सर्वांसमोर फोडलं. कात्रीचा आवाज मी ऐकला. न्यायाधीशांनी कागद उलगडला, दोन्ही वकिलांना जवळ बोलावून दाखवला, आणि खालच्या आवाजात लिहवून घेतलं की सदर मत अर्जदाराच्या बाजूने आहे.

अर्जदार म्हणजे नजमा.

भावोजी तिच्याकडे वळले नाहीत. ते माझ्याकडे वळले. मी रागाची वाट बघत होते, इतक्या दिवसांत त्या रागाची कितीतरी रूपं मी मनात बघून ठेवली होती. पण त्यांचा चेहरा एखाद्या मुलासारखा झाला होता, भर बाजारात हात सुटलेल्या. "वहिनी," एवढंच ते म्हणाले आणि निघून गेले.

मोटरसायकलवरून घरी येताना मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. धूळ, धूर, हॉर्न. सुनीलने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि मागे न वळता म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर अंगणात भावोजींनी विचारल्यावर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्याने आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली. त्याला खोटं बोलता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग त्याने विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते."

"मला पण," तो म्हणाला. रांग हलली तशी त्याने गाडी चालू केली.

पुढे काय झालं? मी कल्पना केली होती तसं काहीच झालं नाही. दारावर दगड आला नाही, कुणी अंगावर धावून आलं नाही. भीती मोठ्या पावलांनी येईल म्हणून मी कान लावून बसले होते, ती लहान पावलांनी आली. अंगणात कमरेइतकी भिंत उठली. नळाची वेळ वाटून घेतली गेली. सुनीलची ड्युटी लांबच्या गोदामात पडली, तिथून त्याने ती सोडली आणि आता तो एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला आहे. वैशाखात भावोजींच्या पुतणीचं लग्न होतं. आमच्याकडे हळदीला न बोलावणं म्हणजे माणूस मेला असं धरणं. पलीकडे मांडव पडला, रात्रभर गाणी चालली, आणि आम्ही दोघं भिंतीच्या ह्या बाजूला दार लावून बसलो. सुनीलला सगळी गाणी पाठ होती.

नजमा सदस्य झाली. एकटी सदस्य किती करणार? ओहोळ मोकळा झाला नाही. भरावाखालून मोठे पाइप टाकून घेण्याइतपत तिने भांडण केलं. त्या पावसात खालच्या आळीत पाणी आलं, पण उंबऱ्याशी थांबलं. आमच्या खाचरातलं भात वाचलं. भावोजींचंही शेत शेजारीच आहे, त्यांचंही वाचलं.

एक गोष्ट मात्र मला बऱ्याच उशिरा सुचली, आणि सुचली तेव्हा मी हातातलं काम टाकून बसले. खालची आळी आमच्या आळीपेक्षा लहान आहे. तिथल्या एकूण एक माणसाने नजमाला मत दिलं असतं तरी बरोबरी होणं शक्य नव्हतं. म्हणजे वरच्या आळीतले बरेच हात त्या दिवशी यंत्रावर नजमाच्या नावाकडे गेले होते. कुणाचे? नळावर मला बघून हंडा उचलून नेणाऱ्या काकूंचा? घरभेदी असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणणाऱ्या काकांचा? भात तर सगळ्यांचंच सडलं होतं. गुलाल त्यांनीही उडवला, पेढे त्यांनीही खाल्ले, आणि माझं पाकीट फुटल्यावर त्यांनी पाठ फिरवली. काहींनी जरा जास्तच घाईने फिरवली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं मत पाण्यात मिसळून गेलं होतं, आणि माझ्याजवळ उभं राहिलं तर ते पुन्हा वर येईल, ही भीती मला समजते. माझ्याइतकी ती कुणाला समजणार?

त्याच पावसाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, मी एकटी घरात होते. बाहेर रिपरिप चालू होती. मागच्या दारावर बोटं वाजली. आमच्या आळीतली एक बाई उभी होती. ती कोण, हे मी लिहिणार नाही. सुनीलला सांगितलं नाही, नजमालाही नाही. जवळची होती, एवढंच. महिनोन्महिने ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती आत आली नाही. पदराखालून अळूची जुडी काढून तिने माझ्या हातात दिली. पानं ओली होती.

"तुझं एकटीचं न्हवतं गो," ती म्हणाली.

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिचा हात धरायला गेले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. आधी तिने भिंतीकडे पाहिलं, मग वाटेकडे, मग पुन्हा भिंतीकडे. ते बघणं मी ओळखलं. अख्खा हिवाळा मी तसंच बघत होते. तिचा हात मी सोडला, दार थोडं लोटलं आणि फटीतून, ती वळणापर्यंत जाईस्तोवर, वाटेवर कुणी नाही ना, हे बघत उभी राहिले.